खोटकाका आणि माझं बी. ए.

आमच्या खोटकाकांनी आयुष्यात कुणाचाही शब्द पहिल्या खेपेला खरा मानला नाही. गवळ्याने दूध आणलं की ते त्याचा थेंब नखावर धरून बघत. एका भटजीने मुहूर्त सांगितला की तो दुसऱ्या भटजीकडून तपासून घेत, आणि दोघांचा एकच आला तर दोघे आतून मिळालेले आहेत असं म्हणत. वैद्यबुवा नाडी बघून "आता बरं आहे" म्हणाले, तर "कुणाला? मला का तुम्हाला?" असं विचारायला त्यांनी कमी केलं नाही. काळ्या रामाच्या देवळात सगळे डोळे मिटून हात जोडत, तेव्हा काका हात जोडत पण डोळे उघडे ठेवत. देवाला काही चालेल, पण बाहेर चपला असतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं खरं नाव महादेव. माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, ते थोरले भाऊ. काकू फार लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे काका आमच्यातच राहत. नाशिकच्या तांबट आळीत घडलेलं भांडं गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आधी त्यांच्या पुढ्यात यायचं आणि ते त्यातली खोट काढायचे. म्हणून आळीने त्यांना हे नाव दिलं. पहिल्यांदा ते मागून म्हणत, पुढे तोंडावर म्हणू लागले. काकांनाही त्याचं वाईट वाटत नसे. "खोट काढतो म्हणतात, खोटा तर नाही म्हणत," असं त्यांचं उत्तर असे.

चाळीस वर्षं तांब्यावर हातोडा चालवून काकांचे कान गेले होते. आमच्या आळीतले निम्मे म्हातारे असेच. त्यामुळे भांडं वाजवून त्याचा नाद ऐकायची सोय त्यांना उरली नव्हती. ते डाव्या हाताची बोटं हंड्याच्या पोटावर अलगद ठेवत आणि उजव्या हाताच्या पेराने एक टिचकी मारत. सांधा नीट बसलेला असला तर थरथर हळूहळू विरते, कुठे फट राहिली असली तर ती लगेच मरते, एवढं ते बोटांनी ओळखत. एकदा एका बड्या घरचा पाणी तापवायचा बंब त्यांनी नापसंत केला. अण्णांना काही दिसेना, चिडून त्यांनी तो भरून ठेवला. संध्याकाळी खालची जमीन ओली झाली होती.

बहिरेपणाने त्यांचा संशय वाढवला, असं मला आता वाटतं. घरात चार माणसं हसली की काकांना वाटे, आपल्यावरच हसली. ते विचारत, "काय म्हणाला रे तो?" आम्ही ओरडून सांगायचा कंटाळा करत असू, म्हणून नुसता हात हलवून "काही नाही" म्हणत असू. त्यावर ते म्हणत, "काही नाही हे सांगायला इतका वेळ लागत नाही." मग ते प्रत्येकाचं तोंड आळीपाळीने न्याहाळत बसत. तोंडं वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. मी शाळा चुकवून गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पोहायला गेलो आणि केस वाळवून, भांग पाडून घरी आलो, तरी ते मला जवळ घेऊन माझ्या पाठीवर तळहात ठेवत आणि "कुठे होतास?" विचारत. खोटं बोलताना माझा श्वास कुठेतरी अडकायचा. तो त्यांना हाताला लागायचा.

भांड्यांवर नावं घालायचं कामही त्यांच्याकडेच असे. खिळ्याच्या टोकाने ठिपक्याठिपक्यांची अक्षरं पाडत. लिहिणं-वाचणं मराठी चौथीपर्यंतचं, पण अक्षर मोत्यासारखं. नाव घालायच्या आधी ते गिऱ्हाइकाला बापाचं नाव आणि गाव विचारल्याशिवाय राहत नसत. लग्नकार्यात आळीतली भांडी एकमेकांकडे जातात आणि परत येताना चुकतात, म्हणून ही काळजी. आमच्या एका आळीतच दामोदर तांबट तीन होते. त्यांतला एक मी.

आळीतून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बी. ए. च्या परीक्षेला बसलो ते साल एकोणीसशे तिसाच्या पुढचं, नाशिकमध्ये पदवीधर म्हणजे बोटावर मोजण्याइतके. निकाल मुंबईला लागायचा. तिथे माझा एक मित्र होता, त्याला मी निकाल बघून कळवायला सांगितलं होतं. एका दुपारी तारवाला आमच्या दारात सायकल टेकवून उभा राहिला. तार आली म्हणजे कुणीतरी गेलं, या समजुतीने आईने आधी डोळ्याला पदर लावला. मी तार वाचली. तांबट पास झाला, अभिनंदन, एवढाच मजकूर इंग्रजीत होता.

अण्णांनी हातातला हातोडा खाली ठेवला, आणि शेजारपाजारच्या कारखान्यांतले ठोके एकेक करून थांबले. आळीत भर दुपारी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सगळे मला मिठ्या मारत होते. काका तेवढे तार हातात घेऊन, उलटीसुलटी करून बघत होते. त्यांनी विचारलं, "ह्यात बापाचं नाव आहे का?"

लोक हसले. अण्णांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, की तार मित्राची आहे, तो दामूला चांगला ओळखतो.

"ओळखतो म्हणूनच," काका म्हणाले. "त्याला दुनियेत एकच तांबट ठाऊक."

म्हाताऱ्याचं नेहमीचंच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मला मात्र ते लागलं. कारण अर्थशास्त्राच्या पेपरात दोन अख्खे प्रश्न मी कोरे सोडून आलो होतो, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पास झालेल्यांची यादी आली होती. तीत तांबट एकच होता. दामोदर विष्णू तांबट. माझ्या वडिलांचं नाव गणपत. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. छापणाऱ्याची चूक असेल, असं मनाला सांगितलं, आणि ते मनाला पटल्यासारखं दाखवत घरी आलो. घरी अण्णांनी येत्या रविवारी सत्यनारायण आणि आळीला जेवण ठरवलं होतं. आई बायकांना बोलावणी करायला गेली होती. सांगायला तोंड उघडावं तर समोर कुणीतरी पेढा घेऊन उभं. एक दिवस गेला, दुसरा गेला. जसजसे दिवस जात होते तसतसं सांगणं अवघड होत होतं. भित्रेपणाचं मूळ यातच असतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

काकांनी पेढ्याला हात लावला नाही. अण्णांनी एक मोठं घंगाळ माझ्यासाठी घडवलं होतं आणि त्यावर माझं नाव आणि पुढे बी. ए. अशी अक्षरं काकांनी घालावीत अशी त्यांची हौस होती. काका म्हणाले, "कागद येऊ दे. शाई खोडता येते, तांबं खोडता येत नाही." यावरून दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. पोराचं चांगलं झालेलं तुला बघवत नाही, असं अण्णा म्हणाले. ते काकांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं होतं. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि मला त्यांचा राग आला, हे सांगायला हवं. ते खरं बोलत होते म्हणूनच आला.

रविवारी सकाळी अण्णांनी फोटोवाला बोलावला. त्याने पदवीधरांचा काळा झगा बरोबर आणला होता. तो अंगात चढवून मी खुर्चीत बसलो, मागे आई, शेजारी अण्णा. काकांनी झग्याचं कापड दोन बोटांत धरून बघितलं आणि हा कुणाचा म्हणून विचारलं. फोटोवाल्याने भाड्याचा म्हणून सांगितलं. "मग मी कशाला बसू? मी घरचा आहे," असं म्हणून काका आत निघून गेले. फोटोत माझा चेहरा फार गंभीर आला. लोक त्याला विद्वत्ता म्हणाले.

पूजेला सटाण्याहून भिकाशेठ आले होते. आमच्याच जातीचे, तिकडे भांड्यांचं दुकान, आमचाच माल विकायचे. माणूस जाडजूड, बोलायला गोड. त्यांची यमुना नावाची मुलगी लग्नाची होती. आरती झाल्यावर अण्णांनी मला बाजूला घेऊन हसत सांगितलं, की जेवणं झाली की सुपारी फोडायची. भिकाशेठ मुलगी द्यायला राजी आहेत, त्यांना पदवीधर जावई हवा होता. मी मान हलवली. आतापर्यंत फसवणूक माझ्या घरापुरती होती, आता तीत एक परकी मुलगी येत होती, आणि तिने मला पाहिलंही नव्हतं.

पंगतीत काका माझ्या शेजारी होते. मी भात कालवत होतो, पण घास वर जात नव्हता. काका ताट सोडून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि काही न विचारता तसाच राहू दिला. मला त्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं कसं? ओरडून सांगितलं तर सबंध पंगत ऐकणार. मी उठलो. काकाही हात धुऊन माझ्या मागे आले.

मागच्या कारखान्यात रविवारची सामसूम होती. भिंतीला कोरा पत्रा टेकवून ठेवला होता आणि आखणीचा खडू शेजारीच पडला होता. मी खडू घेऊन पत्र्यावर लिहिलं, "यादीत बापाचं नाव विष्णू आहे. माझे एका पेपरातले दोन प्रश्न कोरे गेले होते."

काकांनी ते बोट फिरवत वाचलं. मग माझ्या हातातून खडू घेतला. त्यांनाही ठाऊक होतं, की आपल्याला हळू बोलता येत नाही, बोललो तर आळी ऐकेल. सवयीप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी त्यांनी एकच शब्द काढला. "कधीपासून?"

मी लिहिलं, "चार दिवस."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं. मग धोतराच्या सोग्याने पत्रा स्वच्छ पुसला आणि पुन्हा लिहिलं, "अण्णाला उद्या सकाळी तू सांगायचंस. मी सांगणार नाही." तेही पुसलं आणि ते बाहेर गेले.

बाहेर पानाचं तबक आलं होतं. अण्णा सुपारी हातात घेऊन काही बोलणार तोच काकांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि परत तबकात ठेवली. मग ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजात भिकाशेठना म्हणाले, "शेठ, आज नाही. पोराचा कागद आलेला नाही. माझ्या घरचा माल मी पारखल्याशिवाय देत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

सगळी माणसं चपापली. अण्णा संतापले. चारचौघांत ते काकांना नाही नाही ते बोलले. स्वतःचं घर वसलं नाही म्हणून दुसऱ्याचं वसू देत नाहीस, हेही बोलले. काका त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते, म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. ते एवढंच म्हणाले, "शंका माझी आहे. पोराचा त्यात दोष नाही." मी खांबाला टेकून उभा होतो. दोष कुणाचा आहे हे तिथे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांतला एक शिव्या खात होता नि दुसरा गप्प होता. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते.

भिकाशेठ रागावून उठतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी पान खाल्लं, टोपी घातली आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, काका खरा माणूस शे," ते आपल्या अहिराणी वळणाने म्हणाले. "कागद येऊ द्या. मी थांबसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा भट्टी पेटवत होते तेव्हा मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो. काका समोरच्या ओट्यावर मोडीतली जुनी भांडी निवडत होते. मी अण्णांना यादीचं सांगितलं. त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "तुला कधी कळलं?" रात्रभर मी ठरवून ठेवलं होतं, की "काल" म्हणायचं. पाच दिवसांची लबाडी एका दिवसाची झाली असती. काकांना त्यातलं अक्षरही ऐकू येणार नव्हतं. पण त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं होतं आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "पाच दिवस झाले."

अण्णांनी भट्टी तशीच सोडली. मग उठून ओट्यावर काकांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या पुढ्यातली भांडी निवडू लागले. त्या दोघांत माफीचं बोलणं झालेलं मी तरी पाहिलं नाही. आठवड्याने मुंबईच्या मित्राचं पत्र आलं. त्यात त्याने फार वाईट वाटल्याचं लिहिलं होतं. तो दामोदर विष्णू जुन्नरचा निघाला.

त्यानंतर घरात माझ्याशी सगळे जपून वागू लागले. अण्णा अभ्यासाचं नाव काढत नसत. आई जेवायला वाढताना उगाच हळू आवाजात बोले. आळीतले लोक मला पाहून विषय बदलत. मला या मायेचाच जाच होऊ लागला. संशय घेणारे एकटे काका उरले. रोज दिवेलागणीला ते माझ्या खोलीत येत आणि म्हणत, "वाच." मी पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागलो की माझ्या पाठीवर तळहात ठेवून बसत. अर्थशास्त्राचं इंग्रजी त्यांना ना ऐकू येत होतं ना कळत होतं. मी थांबलो की ते विचारत, "संपलं का दमलास?" एकदा मी वैतागून वहीवर लिहिलं, की माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही का? त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मोडीत घालायचं भांडं कुणी वाजवून बघत नाही, दामू." मी पुढे वाचू लागलो.

पुढच्या साली मी निकाल बघायला स्वतः मुंबईला गेलो. फळ्यावर दामोदर गणपत तांबट हे नाव वाचलं, त्याच्यावर बोट ठेवून उभा राहिलो, आणि मागच्या मुलाने ढकललं तेव्हा हललो. घरी आलो तेव्हा आम्ही चौघंच होतो. काकांनी बाहेरचं कुणी बोलवायचं नाही अशी ताकीद दिली होती. आईने ओवाळलं, पुरण घातलं होतं. मी बरोबर आणलेल्या वर्तमानपत्रातल्या माझ्या नावाच्या ओळीवर काकांनी माझं बोट ठेवून घेतलं.

"बापाचं नाव?"

मी ओरडून सांगितलं, "गणपत."

"गाव?"

"गाव छापत नाहीत, काका."

"छापायला पाहिजे," ते म्हणाले. मग पेढा तोंडात टाकला आणि खवा शिळा आहे असं आईला सांगितलं. आई पदराने डोळे पुसत हसत होती. अण्णा काकांना आणखी एक पेढा घे म्हणत होते. माझ्या बी. ए. चा समारंभ एवढाच झाला. इतका आनंद मला पुढे कशानेच झाला नाही.

यमुना माझ्या घरी आली. पुढे कधीतरी तिने मला सांगितलं, की तिचे वडील त्या रविवारी सटाण्याला परतले ते असं म्हणत, की मुलगा कसा आहे ठाऊक नाही, पण ज्या घरात असा काका आहे तिथे मुलगी फसणार नाही. माझ्या पदवीचा त्यात काही संबंध नव्हता, हे ती अधूनमधून मला ऐकवते.

काका त्यानंतर तीन वर्षांनी गेले. थंडीचे दिवस होते, ताप उतरत नव्हता. वैद्यबुवा ओसरीवर मला काय ते स्पष्ट सांगून गेले होते. मी आत गेलो आणि काकांच्या उशाशी बसून हाताने खूण केली, की बरं वाटेल, दोन दिवसांत उठाल. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आवाज आता मोठा निघत नव्हता. म्हणाले, "बापाला खरं सांगितलंस. मला पण सांग."

मला सांगवेना. मी नुसती मान नाहीच्या अर्थी हलवली. त्यांनी डोळे मिटले. कुणापुढे डोळे मिटून पडलेले काका मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "बरं झालं," ते म्हणाले, "आता झोपतो."

मी शाळेत मास्तर झालो, पुढे हेडमास्तर झालो. माझ्या नावापुढे पदवी आहे, केस पांढरे झालेत. मी एखादी गोष्ट तपासली म्हटलं की ती तपासली असं लोक धरून चालतात. एखाद्या मुलाबद्दल मी चांगला म्हटलं की तो चांगला, वाईट म्हटलं की वाईट. पुष्कळदा मी नीट पाहिलेलं नसतं, आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. विद्यार्थी, शेजारी, माझी मुलं, सगळे माझा शब्द पहिल्या खेपेला खरा मानतात. अशा वेळी मला काकांची फार आठवण येते आणि भीती वाटते.